दगडावर आकडा आहे, नाव नाही

(जिल्हा मेळाव्याच्या दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून आपण कापसाचा भाव, ज्वारीचा भाव, कर्ज आणि वीजबिल यांवर बोलतो आहोत. संध्याकाळी पुन्हा त्याच विषयांवर यायचे आहे. मधला हा अर्धा तास मी एका वेगळ्या हिशोबासाठी मागून घेतला आहे. हा हिशोब शंभर वर्षांहून जुना आहे. तो पैशांचा नाही, माणसांचा आहे. आणि तो अजून मिटलेला नाही.

सातारा जिल्ह्यात, कोकणात, तिकडे पंजाबात कितीतरी गावांमध्ये इंग्रजांच्या काळातली एक पाटी सापडते. कुठे ती चावडीच्या भिंतीत असते, कुठे जुन्या शाळेच्या, कुठे वेशीपाशी. मजकुराचा साचा जवळपास सगळीकडे एकच. या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर एवढी माणसे गेली, त्यांपैकी एवढ्यांनी प्राण दिले. बस्स. दोन आकडे. गेले किती आणि मेले किती. कोण गेले आणि कोण मेले, हे पाटी सांगत नाही.

आता तुमचा सातबारा आठवा. दोन एकर मुरमाड जमीन असली तरी उताऱ्यावर तुमचे नाव असते, बापाचे नाव असते, गाव असते, तालुका असतो. सारा वसूल करायचा असला की सरकार नाव विचारते. पलटणीत भरती करतानाही नाव, बापाचे नाव, गाव आणि जात लिहून घेतली जात होती. घेताना नाव होते. मग मेल्यावर ते कुठे गेले? आजचे माझे बोलणे या एका प्रश्नाभोवती आहे.

कोण गेले, कशासाठी गेले

पहिले महायुद्ध १९१४ साली युरोपात पेटले. जर्मनी आणि इंग्लंड यांच्या भांडणात आपले काही देणेघेणे नव्हते. इंग्लंडने युद्ध पुकारले आणि हिंदुस्थान आपोआप त्यात ओढला गेला. कोणी विचारले नाही, कोणी मत मागितले नाही. चार वर्षांत आपल्या देशातून १३ लाखांहून अधिक माणसे या युद्धाच्या कामी लागली. त्यांत बंदूकवाले शिपाई होते, तसेच पाणी वाहणारे भिस्ती, खेचरे हाकणारे, जखमींच्या डोल्या उचलणारे, स्वयंपाकी आणि हमाल होते. सुमारे ७४ हजार माणसे परत आली नाहीत.

मराठी मुलखातून कोण गेले? सातारा, नगर, पुणे या जिल्ह्यांतला कमी पावसाचा पट्टा आणि कोकणातली डोंगरउताराची गावे, ही भरतीची मोठी ठिकाणे होती. शिपायाला पगार होता महिना ११ रुपये. रक्कम मोठी नाही, पण पाऊस पडो न पडो, ती रोख हातात पडत होती. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात रोख पैशाची किंमत काय असते, हे या मांडवात कोणाला समजावून सांगायला नको. पराक्रमाची परंपरा होती, मानाची हौस होती, हे खरेच. पण एका भावाने रान सांभाळायचे आणि दुसऱ्याने पलटणीत जाऊन मनिऑर्डर पाठवायची, हा हिशोबही त्यात होता.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो. महार समाजाची माणसे पिढ्यानपिढ्या कंपनी सरकारच्या फौजेत होती. १८९० च्या दशकात इंग्रजांनी त्यांची भरती बंद केली. अर्ज झाले, विनंत्या झाल्या, दाद लागली नाही. युद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा, १९१७ साली, १११ महार ही पलटण उभी केली. युद्ध संपले आणि १९२१ पर्यंत ती मोडून टाकली. गरज सरो आणि वैद्य मरो. पुढे दुसरे महायुद्ध आले तेव्हा १९४१ साली बेळगावात पुन्हा महार रेजिमेंट उभी राहिली. गरज पडली की सरकारला माणूस आठवतो, हे आपल्यालाही ओळखीचे आहे.

कुटचा वेढा

आपल्या बाजूच्या माणसांचे सर्वांत मोठे मरण झाले ते आजच्या इराकमध्ये. तेव्हा त्या मुलखाला मेसोपोटेमिया म्हणत. नोव्हेंबर १९१४ मध्ये इंग्रजांची हिंदी फौज तिथल्या फाओ बंदरात उतरली आणि बसरा शहर घेतले. तिथल्या तेलाच्या रक्षणासाठी ही फौज पाठवली होती. पण एकेक गाव जिंकता जिंकता साहेबांना बगदाद दिसू लागले.

पुढे चालली होती ती सहावी डिव्हिजन, म्हणजे पूना डिव्हिजन. तिचा सेनापती जनरल टाउनशेंड. तिच्यात १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी होत्या. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफोन येथे तुर्कांशी मोठी लढाई झाली. चार हजारांवर माणसे मारली गेली किंवा जखमी झाली. जखमींना न्यायला पुरेशा गाड्या नव्हत्या, बोटी नव्हत्या, डॉक्टर नव्हते. स्प्रिंग नसलेल्या खटाऱ्यांतून, हाडे मोडलेल्या स्थितीत, त्यांना नदीपर्यंत आणले. या अनागोंदीची पुढे चौकशी झाली. १९१७ साली अहवाल आला आणि लंडनमधले भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला. साहेबाची खुर्ची गेली. शिपायाचा जीव त्याआधीच गेला होता.

टेसिफोनहून माघार घेतलेली फौज तिग्रिस नदीच्या वळणावरच्या कुट या गावात शिरली. ७ डिसेंबर १९१५ रोजी तुर्कांनी वेढा घातला. तो २९ एप्रिल १९१६ पर्यंत, म्हणजे जवळपास पाच महिने, चालला. धान्य संपत आले. घोडे आणि खेचरे कापून खायची वेळ आली. आपल्याकडच्या पुष्कळ शिपायांनी घोड्याचे मांस खायला नकार दिला. हिंदुस्थानातल्या धर्माच्या पुढाऱ्यांकडून परवानगीच्या तारा मागवल्या, तरी लोक बरेच दिवस मानेनात. गावी गेल्यावर जातीत घेतील का, ही भीती उपाशी पोटातही होती. सातूच्या पिठाचा रेशन रोज घटत गेला. खंदकाभोवती उगवलेला पाला खुडून, उकळून खाल्ला. रक्तपिती झाली, हिरड्या सुजल्या, जखमा भरेनात. शेवटी विमानातून धान्याच्या गोण्या टाकून पाहिल्या. त्या पुरल्या नाहीत. २७० टन रसद घेऊन जुलनार नावाची आगबोट वेढा फोडायला निघाली, ती तुर्कांच्या हाती लागली.

वेढ्यातल्या फौजेला सोडवण्यासाठी बाहेरून चार महिने हल्ले झाले. त्या हल्ल्यांत सुमारे २३ हजार माणसे मेली किंवा जखमी झाली. आत अडकलेली होती सुमारे १३ हजार. हा हिशोब कोणत्या शेतकऱ्याला पटेल? पण साम्राज्याच्या इभ्रतीचा हिशोब वेगळा असतो.

अखेर शरणागती झाली. सेनापती टाउनशेंड यांना तुर्कांनी इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगल्यात सन्मानाने ठेवले. कैदेत असतानाच त्यांना इंग्लंडच्या राजाकडून 'सर' ही पदवी मिळाली. पुढे ते खासदारही झाले. आणि शिपाई? त्यांना वाळवंटातून पायी चालवत नेले. आपली बरीच माणसे रास-अल-ऐन येथे रेल्वेच्या कामाला जुंपली. वाटेवर आणि कामावर, उपासाने, हगवणीने, तापाने हजारो कैदी मेले.

साहेबाचे नाव, शिपायाचा आकडा

१९१७ साली इंग्रजांनी युद्धात मेलेल्यांच्या कबरी आणि स्मारके सांभाळण्यासाठी एक आयोग नेमला. तो आजही कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन या नावाने काम करतो. त्याचे तत्त्व फार चांगले होते. प्रत्येक मृताचे नाव कोरायचे. हुद्दा, वंश, धर्म असा भेद करायचा नाही. जनरल आणि शिपाई मरणात सारखे.

फ्रान्समध्ये हे तत्त्व पाळले. तिथे न्यूव्ह शापेल या गावी मार्च १९१५ मध्ये हिंदी फौजेने मोठी लढाई केली होती. त्या जागी १९२७ साली स्मारक उभे राहिले आणि त्यावर ४,७०० हून अधिक हिंदी माणसांची नावे कोरली. बेल्जियमच्या ईप्र शहरात मेनिन गेट नावाची कमान आहे. तिच्यावरही आपली नावे आहेत. तिथे १९२८ पासून रोज रात्री आठ वाजता बिगूल वाजवून मृतांना मानवंदना देतात. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांचा कब्जा असतानाची वर्षे सोडली तर त्यात खंड पडलेला नाही.

आता बसऱ्याला चला. मेसोपोटेमियात मेलेल्या आणि कबर नसलेल्या ४० हजारांवर माणसांसाठी १९२९ साली तिथे स्मारक झाले. त्यावर इंग्रजांची नावे कोरली, शिपायापासून जनरलपर्यंत. हिंदी अधिकाऱ्यांचीही नावे कोरली. आणि हिंदी शिपाई? पलटणीचे नाव लिहिले आणि पुढे आकडा. अमुक पलटण, इतके मेले. जिनिंगच्या आवारात गठाणी मोजाव्यात तशी माणसे मोजली.

तत्त्व एक, आयोग एक. फ्रान्समध्ये नावे आणि बसऱ्यात आकडे, असे का? युरोपात जग बघणार होते. वाळवंटात कोण बघायला येणार, आणि नावासाठी भांडायला कोण येणार? शिपायाच्या घरी नाव वाचता येणारे कोणी नसेल, मग कोरायचे कशाला, असा तो विचार. ज्याला अक्षर येत नाही त्याला नावाची गरज नाही, असे मानणारे शहाणे आजही भेटतात.

लिहिणारा असला की आठवण टिकते. कुटच्या कैद्यांत बंगालच्या रुग्णसेवा पथकातले शिशिर सर्वाधिकारी होते. त्यांनी चोरून टिपणे ठेवली आणि १९५८ साली त्यांचे 'अभी ले बगदाद' हे बंगाली पुस्तक निघाले. कल्याण मुखर्जी नावाचे डॉक्टर कैदेतच वारले. त्यांच्या आजीने नातवाची पत्रे जमवून १९२८ साली पुस्तक छापले. त्याच वेढ्यात तीन मराठा पलटणी होत्या. त्यांतल्या कोणाच्या आजीच्या हाती लेखणी असणार? ती जात्यावर बसून रडली असेल, आणि तिच्याबरोबर ती आठवणही गेली.

२०१९ साली डेव्हिड लॅमी नावाच्या ब्रिटिश खासदाराने आफ्रिकेतल्या अशाच विसरलेल्या मृतांवर फिल्म केली आणि जाहीर प्रश्न विचारला. मग आयोगाने चौकशी बसवली. एप्रिल २०२१ मध्ये अहवाल आला. पहिल्या महायुद्धातल्या ४५ ते ५४ हजार माणसांची आठवण इतरांच्या बरोबरीने राखली गेली नाही, आणि किमान १ लाख १६ हजार माणसांचे नावच कुठे लागले नाही, असे त्यात आयोगानेच लिहिले. ही माणसे बहुतेक आफ्रिका, हिंदुस्थान आणि मध्यपूर्वेतली. ब्रिटिश संरक्षणमंत्र्यांनी त्यांच्या लोकसभेत माफी मागितली. शंभर वर्षांनी का होईना, कोणीतरी विचारले म्हणून उत्तर मिळाले. न विचारता कोणते सरकार उत्तर देते?

मेलेले फक्त रणात नव्हते

तुम्ही म्हणाल, हे सगळे सातारा-कोकणाकडचे. वऱ्हाड-मराठवाड्याचा त्यात काय संबंध?

१९१८ साली युद्ध संपायला आले होते. त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला. आणि मुंबई बंदरातून, सैन्याच्या येण्याजाण्याबरोबर, इन्फ्लुएंझाची साथ देशात शिरली. जूनमध्ये ती मुंबईत होती. पावसाळ्यानंतर दुसऱ्या लाटेने रेल्वेच्या मार्गाने आतला मुलूख गाठला. मध्य प्रांत आणि वऱ्हाड हा सर्वांत जास्त मृत्यू झालेल्या प्रांतांपैकी एक. कापूस वेचणीच्या दिवसांत घरेच्या घरे आडवी झाली. म्हाताऱ्यांपेक्षा कर्ती माणसे जास्त मेली, त्यांत बायाबापड्या फार. देशभरात किती मेले याचे अंदाज सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटींपर्यंत जातात. महायुद्धात लढून मेलेल्या हिंदी शिपायांच्या शेकडो पट. यांच्यासाठी आकड्याचीसुद्धा पाटी लागली नाही. त्याच युद्धाच्या खर्चासाठी १९१७ साली हिंदुस्थानच्या तिजोरीतून १० कोटी पौंड इंग्लंडला भेट म्हणून गेले होते, हेही ध्यानात ठेवा.

साहेबाची लढाई, मग आठवण कशाला?

काही तरुण कार्यकर्ते विचारतात, ही लढाई साम्राज्याची होती. आपली माणसे दुसऱ्यासाठी मेली. त्यांचा गौरव कशाला?

प्रश्न रास्त आहे. उत्तर असे, की युद्धाचा गौरव करणे वेगळे आणि माणसाची नोंद ठेवणे वेगळे. कुटच्या खंदकात पाला खाणाऱ्या शिपायाने युद्ध पुकारले नव्हते. ज्यांनी पुकारले त्यांचे पुतळे झाले. आपण नावे विसरलो तर साम्राज्याचा हिशोबच कायम होतो, की हा माणूस म्हणजे एक आकडा. नाव लिहिले की प्रश्न सुरू होतात. हा कोणाचा मुलगा? किती वर्षांचा? घरी रान कोणी केले? त्याच्या बायकोचे पुढे काय झाले? आकड्याला कोणी असे प्रश्न विचारत नाही. म्हणून तर सत्तेला आकडे आवडतात.

आपणही आठवण ठेवतो, पण पदकवाल्यांची. दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फंट्रीच्या दोन जवानांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. नाईक यशवंत घाडगे हे माणगाव तालुक्यातले. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, साथीदार सगळे पडल्यावर, एकट्याने मशिनगनच्या ठाण्यावर धावून गेले, ठाणे घेतले आणि तिथेच गोळी लागून पडले. शिपाई नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीकाठी गोळीबारातून दोन जखमी सोबत्यांना आणले आणि शत्रूची ठाणी मोडली. जाधव जिवंत परतले. घाडगे यांच्या नावे २०२३ साली इटलीतल्या मोंतोने गावाने स्मारक उभारले. परक्या देशातल्या एका लहान गावाला आपला माणूस आठवला, ही आनंदाची गोष्ट आहे. पण घाडग्यांच्या तुकडीत त्या दिवशी जे बाकीचे पडले, त्यांची नावे आपल्यापैकी कोणाला येतात?

साताऱ्याजवळ अपशिंगे गाव आहे. गावाच्या नावापुढे मिलिटरी असा शब्द लागतो. पहिल्या महायुद्धात गावचे ४६ जण कामी आले, असे तिथे अभिमानाने सांगतात. अभिमान रास्तच आहे. पण ४६ म्हणजे ४६ घरे. ती कोणती?

आता काय करायचे

हे काम सरकारचे म्हणून सोडून देऊ नका. ते गावानेच करण्याचे आहे, आणि त्याला कारण आहे.

बसऱ्याच्या दगडावर नसलेली बरीचशी नावे आयोगाच्या नोंदवहीत आज शोधता येतात. पुष्कळ नावांपुढे बापाचे नाव, गाव आणि तालुकाही दिलेला आहे. पण हे सगळे इंग्रजी अक्षरांत, साहेबाच्या कानाला ऐकू आले तसे. वडगाव म्हटले तर कोणते वडगाव? पिंपळगाव, तर कोणते? लंडनच्या कारकुनाला ते कळणार नाही. मुंबईच्या कारकुनालाही नाही. ते तुम्हालाच कळेल. आडनाव नसेल, नुसते रामा वल्द गणू असे असेल, तर ते घर कोणते हे गावातली म्हातारी माणसेच सांगू शकतील. ती माणसे आता किती दिवसांची?

पंजाबात असे काम सुरू झाले आहे. लाहोरच्या संग्रहालयात शिपायांची गाववार जुनी रजिस्टरे पडून होती. ती आता लोकांसाठी खुली होत आहेत, आणि इंग्लंडमध्ये राहणारी माणसे आपल्या पणजोबांची नावे त्यांत शोधत आहेत.

तेव्हा तीन कामे सांगतो. पहिले, पाटी असेल तर ती शोधा. चुन्याखाली गेली असेल तर हलक्या हाताने साफ करा. रस्ता रुंद करताना ढिगाऱ्यात जाऊ देऊ नका. दुसरे, कोणाच्या ट्रंकेत जुने पदक, पेन्शनचा कागद, पलटणीची पितळी खूण असेल, तर भंगारात घालण्याआधी त्यावरचे नाव आणि नंबर वहीत उतरवून घ्या. पदकाच्या कडेवर बहुतेक वेळा नाव कोरलेले असते. ते चांदीच्या भावाने विकले की माणूसही विकला जातो. तिसरे, गावची यादी तयार करा. त्या यादीत जात पाहू नका, हुद्दा पाहू नका. शिपाई लिहा, तसा भिस्तीही लिहा, खेचरवाला लिहा. आणि १९१८ च्या साथीत गेलेल्यांची आठवण कोणाच्या घरी असेल तर तीही लिहा. यादी ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवा. चूक असेल तर कोणीतरी उठून दुरुस्त करील. ग्रामसभेइतका चांगला तपासनीस नाही. मग जुन्या पाटीशेजारी नावांची नवी पाटी लावा. खर्च फार नाही. एका बैलपोळ्याच्या वर्गणीत होईल.

ज्यांच्या गावातून कोणी गेले नाही, त्यांनीही हे ऐकून ठेवावे. आपल्या माणसांची आकडेवारी अजूनही होते. दुष्काळात किती, कर्जापायी किती, असे तक्ते निघतात आणि तक्त्यात नाव नसते. ज्या गावाला आपल्या मेलेल्यांची नावे येतात, त्या गावाच्या जिवंत माणसांना नुसते आकड्यात मोजणे अवघड जाते. मला आजच्या दिवसात एवढेच म्हणायचे होते.

पुढच्या मेळाव्याला येताना प्रत्येक तालुक्याने निदान एका गावाची यादी घेऊन यावे. सुरुवातीला त्या याद्या वाचू, आणि मग कापसाच्या भावाकडे वळू.

एवढे बोलून थांबतो.